बेणं चोख, पण आलं थंडी सरताना (५ पैकी ३ तारे)

अर्धा किलो लसणाचं बेणं मागवलं होतं. पोचायला सात आठवडे उशीर झाला, तोवर थंडी सरत आली होती.

मालाबद्दल तक्रार नाही. बारा गड्डे, सगळे घट्ट, बुरशीचा ठिपका नाही, पाकळ्या अंगठ्याच्या पेराएवढ्या. एक उभी चिरली तर आतला हिरवा कोंब टोकाला टेकलेला. म्हणजे बेणं जागं झालं होतं, पुढच्या हंगामापर्यंत ठेवायची सोय संपली. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं, "लसूण कधीही लावा, येतोच." पिशवीवरही हेच छापलंय.

येतो, खरंय. काय येतो ते सांगतो.

सहा गड्डे फोडले, बारीक पाकळ्या वगळल्या आणि चाळीस लगेच लावल्या. टोक वर, ४-५ सेंटिमीटर खोल, चार बोटांचं अंतर. उरलेले सहा गड्डे न फोडता कागदी पिशवीत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवले. घरात विचारणा झालीच, "आधीच उशीर, त्यात आणखी महिना?" पण लसणाला पाकळ्या पाडायला काही आठवडे १० अंशांखालची थंडी लागते, आणि बाहेर ती उरली नव्हती. महिन्यानंतर त्यातल्याही चाळीस लावल्या. दोन कुजल्या.

पहिला वाफा दिसायला देखणा. हिरवीगार पात बघून मी उगाच खूश होतो. मग दिवस मोठे झाले, ऊन तापलं आणि सहा-सात पानांवरच पात पिवळी पडायला लागली. मोठा दिवस आणि ऊब मिळाली की लसूण गड्डा धरायला घेतो, रोपाची वाढ पुरी झाली असो वा नसो. उपटल्यावर चाळिसांतले तेवीस निघाले नुसते गोल, छोट्या कांद्यासारखे. पाकळीचा पत्ता नाही!

फ्रिजवाली रोपं ठेंगणी, जेमतेम पाच पानांची. तरी अडतिसांतल्या एकतिसांना पाकळ्या पडल्या. गड्डे लहानच, आणि साल पातळ, कारण एकेका पानाच्या बुडातूनच वरचं एकेक आवरण बनतं. पानं कमी तर आवरणं कमी. हा लसूण फार टिकणार नाही, म्हणून तोच आधी वापरायला काढलाय.

गोल गड्डे मात्र टाकले नाहीत. जाळीत टांगलेत. वेळेवर लावले की त्यांतून पाकळ्यांचा पुरा गड्डा येतो, शिवाय बेणं म्हणून ते एका पाकळीपेक्षा दणकट.

पुन्हा इथूनच मागवेन, पण हंगामाच्या तीन महिने आधी. पिशवीवरचा 'कधीही' खोडलात, तर चौथा तारा देतो.