'वुड यू माइंड' की 'ग्रेटफुल इफ यू कुड'?

इंग्रजीत कुणाकडे काही मागायचं तर नुसता 'प्लीज' पुरत नाही, हे नोकरीला लागल्यावर दोन-तीन महिन्यांत ध्यानात येतं. 'प्लीज सेंड द फाइल' हा शेवटी हुकूमच, फक्त टोपी घातलेला. मराठीत आपली सोय निराळी आहे. देतोस का, देता का, द्याल का, द्यावं: आदर क्रियापदाच्या शेपटीतच बसलेला असतो. उलट घरात कुणी 'कृपया मीठ देता का' म्हणालं, की काहीतरी बिनसलंय हे ओळखावं. इंग्रजीत 'तू'साठीचा जुना शब्द 'दाउ' मागे पडला आणि लहानथोर सगळ्यांना एकच 'यू' उरला. तिथे अदब दाखवायला वुड, कुड आणि इफ लावून वाक्य लांबवावं लागतं, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

तेव्हा 'वुड' आणि 'इफ' लागणार हे ठरलेलं. अडतं ते कोणता साचा धरायचा यावर. मी दोन साचे बरीच वर्षं वापरले. एक 'वुड यू माइंड', दुसरा 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड' आणि त्याचा बोलण्यातला धाकटा भाऊ 'इट वुड बी ग्रेट इफ यू कुड'. दोन्ही शुद्ध, दोन्ही सभ्य.

'वुड यू माइंड'ची बाजू आधी मांडतो, कारण सुरुवातीला माझं मत त्यालाच होतं. हा साचा आपल्याला परका नाही. 'तुमची हरकत नसेल तर खिडकी उघडू का?' हे आपण एसटीत, लोकलमध्ये रोज म्हणतो. समोरच्याच्या गैरसोयीचा विचार आधी, मागणं नंतर. शिवाय तो आखूड आहे आणि चटकन तोंडात बसतो. व्याकरणाची एक खोच मात्र आहे. 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो' म्हटलं तर खिडकी समोरच्याने उघडायची आणि 'वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो' म्हटलं तर मी. सुरुवातीचे तीन शब्द तेच, पण उठायचं कुणी ते बदललं. घाईत आपण तिसरंच, 'वुड यू माइंड टू ओपन', बोलून जातो. समोरचा समजून घेतो, पण ते चूकच.

त्या 'ओपन्ड'मधल्या भूतकाळाला बिचकू नका. पुस्तकातला नियम सांगतो की 'डू यू माइंड इफ आय'च्या पुढे वर्तमानकाळ आणि 'वुड यू माइंड इफ आय'च्या पुढे भूतकाळ. हा भूतकाळ वेळ दाखवत नाही, अंतर दाखवतो: गोष्ट अजून घडलेली नाही, तुम्ही हो म्हटलंत तरच घडेल. आपल्याकडे वेगळं काय आहे? 'जमलं तर उद्या या.' जमलं हे रूप भूतकाळाचं आणि पुढे चक्क उद्या. या वाक्यापाशी कुणी मराठी माणूस अडखळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

माझं मत फिरलं ते व्याकरणामुळे नाही, उत्तरामुळे.

२०११ सालची गोष्ट. कामानिमित्त इंग्लंडमध्ये होतो आणि लंडनच्या सेंट पँक्रसहून लेस्टरला निघालो होतो. शेजारच्या सीटवर माझी बॅग. एक वयस्क बाई आल्या आणि म्हणाल्या, 'वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर?' मी तत्परतेने 'येस, येस' म्हणालो, वर आपली ती खास मान डोलावली, जी ना होकाराची ना नकाराची. बाई 'सॉरी' म्हणून पुढच्या डब्यात गेल्या. मी अर्धवट उचललेली बॅग हातात धरून बसून राहिलो. लेस्टर येईपर्यंत ती सीट रिकामीच होती आणि समोरचा गृहस्थ माझ्याकडे बघायचं कटाक्षाने टाळत होता.

गंमत म्हणजे 'हरकत नाही' हा शब्दप्रयोग आपण दिवसातून दहा वेळा करतो. मराठीत त्याच बाईंनी विचारलं असतं तर मीही 'नाही नाही, बसा ना' असंच म्हणालो असतो. पण इंग्रजीत कान फक्त मागणं टिपतात आणि तोंड मागण्याला उत्तर देतं, प्रश्नाला नाही. इंग्रजांचीही तीच गत असते म्हणा. तेही पुष्कळदा 'शुअर' म्हणतात आणि बॅग उचलतात. त्यांच्या स्वरावरून कळतं. आमच्या स्वरावरून कळेलच याची खात्री नाही, आणि फोनवर तर बॅगही दिसत नाही. नंतर कॉलवर मीच कुणाला 'वुड यू माइंड' विचारलं आणि पलीकडून 'येस' आलं, की मला पुन्हा विचारावं लागायचं: येस म्हणजे पाठवताय, की येस म्हणजे हरकत आहे? मग नम्रपणे विचारून मिळवलेलं सगळं त्या दुसऱ्या प्रश्नात जायचं.

'ग्रेटफुल इफ यू कुड'मध्ये हा घोळ नाही. तिथे हो म्हणजे हो. आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला तो साचा आधीच पाठ असतो. 'आपण मला दाखला दिल्यास मी आपला आभारी राहीन' असं विनंती अर्जात आपण सगळ्यांनीच लिहिलंय. 'दिल्यास' म्हणजे इफ, 'आभारी राहीन' म्हणजे ग्रेटफुल. फक्त इंग्रजीत बहुधा आभार आधी येतात आणि काम मागून. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेले, तरी हे वाक्य मला पहिल्या दिवसापासून आपलं वाटलं.

त्यातही खाचखळगे आहेत. ग्रेटफुलचा 'ग्रेट'शी काही संबंध नाही, तो लॅटिनमधल्या 'ग्रातुस'वरून आलाय. त्यामुळे स्पेलिंग जीआरएटीई, जीआरईएटी नव्हे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून मीही वर्षभर चुकीचं लिहीत होतो. दुसरं म्हणजे, 'इफ'च्या मागे विल-वुड येत नाही, हे आम्हाला शाळेत घोकून घेतलं होतं. त्यामुळे 'ग्रेटफुल इफ यू वुड' पाहिलं की हात लाल पेन शोधतो. पण तिथला 'वुड' तयारी विचारतो, 'करायची इच्छा असेल तर' अशा अर्थाने, म्हणून तो चालतो. मला 'कुड' बरा वाटतो. न जमण्याची मोकळीक त्यात ठेवलेली असते.

'आय वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड' हाही याच घरातला, अमेरिकनांच्या मेलमध्ये जास्त दिसणारा. त्यातला 'इट' आपण हमखास गाळतो. अप्रिशिएटला कर्म लागतं, ते म्हणजे हा 'इट'. आठवणीने लिहिणार असाल तर खुशाल वापरा. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड' या तुलनेत धरतच नाही, कारण तिथला 'इफ' म्हणजे 'जर' नाहीच, 'की नाही' आहे: जमेल की नाही, असा विचार करत होतो. आणि 'इफ यू कुड जस्ट साइन हिअर' हे अर्धंच वाक्य ब्रिटिश काउंटरवर सर्रास ऐकू येतं. 'तर' कधी येतच नाही आणि कुणी त्याची वाटही बघत नाही. ते ऐकायला छान, पण आपण बोललो की वाक्य विसरल्यासारखं वाटतं, निदान माझ्या तोंडून तरी.

आता माझ्या आवडत्या साच्याची खोट. तो प्रश्न नाही, त्यामुळे उत्तर दिलंच पाहिजे असं समोरच्याला वाटत नाही. 'इट वुड बी ग्रेट इफ यू कुड सेंड इट बाय फ्रायडे' असं लिहिलेल्या एका मेलवर जर्मनीतल्या सहकाऱ्याने मला सरळ विचारलं होतं, 'शुक्रवारी हवंच आहे, की मिळालं तर बरं?' त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून शेवटी एक साधं वाक्य जोडतो: फाइल सोमवारी सकाळी छपाईला जाणार आहे. विनंती मऊ ठेवायची आणि तारखेचं कारण कोरडं. वैयक्तिक ओळखीत मात्र 'ग्रेटफुल' फार जड होतो. रोज सोबत चहा पिणाऱ्या माणसाला तो लिहिलात तर तो विचारेल, रागावलास का? तिथे 'कुड यू' पुरेसं आहे.

तुमचं काम समोरासमोर बोलण्याचं असेल, कानही तयार असेल, तर 'वुड यू माइंड' शिकून घ्यायला काहीच हरकत नाही. मेल आणि फोनवर दिवस जाणाऱ्याने आधी 'इफ यू कुड' पक्का करावा, असं मला आपलं वाटतं. ऐकायला मात्र 'माइंड' कुणालाच चुकत नाही. मला आजही कुणी तसं विचारलं, की मी येस-नो काही बोलत नाही. बॅग उचलतो आणि मांडीवर घेतो.