चर्चमधलं लीडरशिप शिबिर: मंडळीत काम करणाऱ्यांनी जरूर जा

मागच्या महिन्यात पुण्यात कॅम्पमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार ख्रिस्ती लीडरशिपचं शिबिर झालं, विषय होता देवाने आपल्याला जे दिलंय ते ओळखायचं कसं आणि त्यातून दुसऱ्यांची सेवा करायची कशी. फी ६०० रुपये, त्यात चहा-नाश्ता आणि शनिवारचं जेवण. आमच्या मंडळीतून, म्हणजे आमच्या चर्चमधून, बरेच जण गेलो होतो. माझ्या मते पैसे वसूल, पण काही गोष्टी खटकल्या त्या पण सांगते.

आपल्याकडे मंडळीत माणसं भरपूर असतात पण कामं ठरलेल्या चार जणांच्याच गळ्यात पडतात, आणि त्यातही ज्याला गाता येतं तो हिशोब लिहीत बसलेला आणि ज्याला हिशोब जमतो तो संडेस्कूलच्या पोरांना ओरडत बसलेला. मग दोन वर्षांत माणूस थकतो, येणंच बंद करतो. ट्रेनरने सुरुवातच इथून केली म्हणून मला ते पटलं. बायबलमधला निर्गम १८ घेतला, मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करतोय आणि सासरा इथ्रो त्याला सांगतो की असं केलंस तर तूही थकशील आणि लोकही थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मग प्रेषितांची कृत्ये ६, ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होतं म्हणून त्या कामाला वेगळी सात माणसं निवडली. हे अध्याय लहानपणापासून ऐकलेत पण कामाची वाटणी म्हणून कधी कोणी असे समजावले नव्हते.

शनिवारी दुपारचा भाग सगळ्यात भारी. डॉन क्लिफ्टन यांच्या कामातून आलेली गॅलप कंपनीची, आपलं बळ कशात आहे ते ओळखायची एक टेस्ट आहे, त्यात १७७ प्रश्न आणि ३४ थीम असतात, त्याची माहिती दिली पण ती करायला लावली नाही (तिचे पैसे वेगळे पडतात). त्याऐवजी कोऱ्या कागदावर दोन रकाने काढायला लावले, कोणतं काम केल्यावर अंगातलं त्राण जातं आणि कोणतं करताना घड्याळाकडे लक्षच जात नाही. ते लिहून झालं की कागद शेजारच्याला द्यायचा आणि त्याने तुमच्यात काय पाहिलंय ते खाली लिहायचं. आमच्या महिला मंडळाच्या एक काकू कितीतरी वर्षं माईकवर सूचना वाचतात, हात थरथरतात, आवाज अडकतो, पण नाही म्हणता येत नाही म्हणून वाचतात. त्यांच्या कागदावर शेजारच्या मुलीने लिहिलं की माझी आई ससूनला अ‍ॅडमिट होती तेव्हा रोज संध्याकाळी तुम्हीच आलात. काकू तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसल्या होत्या. आता आजाऱ्यांच्या भेटीचं काम त्यांनी घेतलंय, कोणाकडे कधी जायचं त्याची वही केलीये, आणि सूचना तरुण संघातला एक मुलगा वाचतो, खणखणीत वाचतो.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं तेही छान होतं. केडगाव आपल्यापासून किती जवळ, पण तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनी स्वतः छपाईचे खिळे जुळवून रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर छापलं हे आमच्या तरुणांना माहीतच नव्हतं. रमाबाईंचं बळ भाषेत होतं, लहानपणापासून संस्कृत पाठ, मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, पण नुसती विद्वत्ता घेऊन बसल्या नाहीत, दुष्काळातल्या मुलींना आणून त्यांना छापखाना, विणकाम, शेती शिकवली. १९२२ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत भाषांतराचं काम चालूच होतं. यावर अजून अर्धा तास दिला असता तरी चाललं असतं.

आता खटकलेलं. रविवारच्या सेशनला सगळ्या स्लाइड इंग्रजीत, भाषाही कंपनीच्या मीटिंगसारखी, टार्गेट, ग्रोथ, व्हिजन. मागे बसलेल्या कोंढवा-हडपसरच्या बायका गप्प झाल्या, ज्या शनिवारी भरभरून बोलत होत्या. मराठी मंडळ्यांना बोलावलंय तर हँडआउट मराठीतच हवं, यात तडजोड नको.

दुसरं जास्त महत्त्वाचं. दोन दिवसांत फक्त बळावर बोलणं झालं, दुर्बळतेवर कोणी बोललंच नाही. पौलाने २ करिंथ १२ मध्ये शरीरातल्या काट्याबद्दल, म्हणजे स्वतःच्या दुर्बळतेबद्दल लिहिलंय, आणि मोशेला तर बोलताच नीट यायचं नाही म्हणून अहरोन बरोबर दिला. हे सोडलं तर उद्या कोणी म्हणेल की खुर्च्या लावणं माझ्या स्ट्रेंथमध्ये बसत नाही. १ पेत्र ४:१० मध्ये कृपादान, म्हणजे देवाने दिलेली देणगी, एकमेकांच्या सेवेसाठी वापरा असं स्पष्ट आहे, आणि प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले ते काही आवडीचं काम म्हणून नाही. मी फीडबॅक फॉर्मवर हे सविस्तर लिहून दिलंय.

जेवण साधं, चांगलं. हॉलमध्ये पंखे कमी, भिंतीकडच्या जागा लवकर भरतात. पार्किंग आत मिळत नाही, टू-व्हीलरच न्या. आणि एकटे जाऊ नका, पाळकसाहेब (पास्टर) आणि कमिटीतले निदान दोघे बरोबर असू देत, कारण कामं बदलायचा अधिकार त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे ते होते म्हणूनच पुढच्याच रविवारी काकूंचं काम बदललं.