चार मोठ्या सेलचा फिलिप्स बाहेरच्या सहा व्होल्टवर: काही महिने वापरल्यानंतर

दिवाळीपासून आमच्या स्वयंपाकघरातला फिलिप्सचा जुना ट्रान्झिस्टर सेलवर नाही, बाहेरच्या डीसीवर चालतोय. चार मोठे सेल, मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह, चामड्याचं कव्हर. सकाळी पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, दुपारी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर. रेडिओ रोज तासन्‌तास लागतो, त्यामुळे सेलचा खर्च होताच. पण त्याहून मोठी धास्ती सेल पाझरण्याची होती. एकदा का ते पाणी पट्ट्यांना लागलं की हिरवा थर चढतो आणि संपर्क कायमचा कच्चा राहतो.

सेटला भोक पाडायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. मेकॅनिककडे सेट दिला की तो पाठीमागे ड्रिल मारून डीसी सॉकेट बसवतो. काम नीट होतंही, पण पन्नासेक वर्षं जपलेल्या पाठीला भोक पाहणं मला सोसणार नाही. त्यापेक्षा लाकडाचे खोटे सेल करावेत. मोठा सेल साधारण ३४ मिलिमीटर जाड आणि ६१ मिलिमीटर लांब असतो. त्या मापाचे दांडके सुताराकडून कापून आणले, टोकाला पितळी स्क्रू आणि त्यालाच वायर. सेल एकामागून एक जोडलेले असल्यामुळे फक्त पहिल्या धन टोकाला आणि शेवटच्या ऋण टोकाला वीज पोचली की झालं. मधल्या दोन जागा रिकाम्या ठेवल्या तरी चालतं. वायर झाकणाच्या फटीतून बाहेर काढली. खरे सेल आणि बाहेरची वीज एकाच वेळी लागण्याचा प्रश्नच उरत नाही, हा आणखी एक फायदा.

आता खरा मुद्दा. सहा व्होल्ट कुठूनही मिळतात, शांत सहा व्होल्ट मिळत नाहीत. मोबाइल चार्जर आणि त्यापुढे व्होल्टेज बदलणारं छोटं मॉड्यूल लावूनही ऐकून पाहिलं. पूर्ण मीडियम वेव्हवर खरखर, आणि ७९२ च्या अलीकडे-पलीकडे शिट्ट्या. कारण सरळ आहे: असा चार्जर सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो, आणि त्या कंपनांच्या पटी थेट ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येऊन पडतात. शेजारच्या दुसऱ्या रेडिओवर एफएम वाहिनी छान लागते म्हणून चार्जर चांगला, असं समजू नका.

म्हणून पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीतून नऊ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा साधा लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणला. एसीची डीसी करणारा चार १एन४००७ डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग ७८०६ (सहा व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ०.१ मायक्रोफॅरड. सेट हळू आवाजात पंधरा-वीस मिलिअँपिअर घेतो, मोठ्या आवाजात शंभरच्या घरात जातो. ७८०६ वर जास्तीत जास्त पाऊण वॉटच्या आसपास उष्णता येते, त्याला ॲल्युमिनियमची एक पट्टी पुरते. सहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका: डायोडमधली घट वजा केली की सातच्या आसपास उरतात, आणि ७८०६ ला निदान आठ लागतात.

एवढं करूनही एक गोष्ट राहिली होती. दोन स्टेशनांच्या मध्ये सेट अगदी शांत, पण पुणे केंद्र नेमकं लागलं की आवाजाखाली घुमणारी गुणगुण. हिला फिल्टरचा कपॅसिटर वाढवून उतारा नाही. ब्रिजमधले डायोड सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतात आणि मेन्सच्या वायरीतून येणारी रेडिओलहर त्या तालावर कापली जाते. प्रत्येक डायोडला समांतर ०.०१ मायक्रोफॅरडचा एकेक सिरॅमिक कपॅसिटर लावला आणि गुणगुण गेली. चार रुपड्यांच्या वस्तू, पण सगळ्या कामात हीच मला सर्वांत मोलाची वाटते. ट्रान्सफॉर्मरचा डबा सेटपासून हातभर तरी लांब ठेवा, नाहीतर सेटमधला आउटपुटच्या आधीचा छोटा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर त्याचं चुंबकीय क्षेत्र पकडतो. वायर सेटजवळ फेराइट रिंगवर सात-आठ वेढे गुंडाळली की घरातल्या एलईडी दिव्यांची घाणही बरीच अडते.

आतले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे, पीएनपी जातीचे. स्पीकर चालवणाऱ्या आउटपुटला एसी१२८ ट्रान्झिस्टरची जोडी. अशा बहुतेक सेटमध्ये चेसिसला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला, धन टोक जोडलेलं असतं. जोडणीआधी मल्टिमीटर लावून हे तपासाच. उलटी वीज गेली तर हे ट्रान्झिस्टर वाचत नाहीत आणि त्यांच्या जागी तसेच मिळवणं आता सोपं नाही. सेट इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालवणार असाल आणि त्याच बॅटरीवरच्या दुसऱ्या यंत्राची ऑडिओ वायर सेटला जोडणार असाल, तर थेट शॉर्ट होईल, कारण त्या यंत्राचं ऋण टोक आणि आपलं धन टोक एकत्र येतं. बाहेरच्या वायरीत अर्ध्या अँपिअरचा फ्यूज हवाच.

आवाजाबद्दल: सेल उतरत आले की पूर्वी मोठ्या आवाजात भकभक सुरू व्हायची, ती पार थांबली. पण त्याचं अर्धं श्रेय सेटमधला वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलला त्याला आहे. तो न बदलता नुसती वीज बदलली तर दोष झाकला जातो, जात नाही.

वीज गेल्यावर काय, तर त्यासाठी वजनकाट्यात असते ती सहा व्होल्ट, साडेचार अँपिअर-तासांची बंद बॅटरी ठेवली आहे. खरं सांगायचं तर ऐकायला हीच सर्वांत सुंदर: भिंतीतली वायर नाही, म्हणून त्या वाटेने येणारी खरखरही नाही. रोज दोन-तीन तास ऐकून महिनाभर सहज पुरते. सव्वापाच व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका. चार्जिंग सेटपासून सोडवून करा, कारण तेव्हा ती सातच्या वर जाते आणि जर्मेनियमला तेवढं देऊ नये. रात्री लांबची स्टेशनं शोधायची तर मी बॅटरीच लावतो, दिवसा ट्रान्सफॉर्मर.

तुमचा सेट सहा सेलचा, नऊ व्होल्टचा असेल तर ७८०९ (नऊ व्होल्टचा रेग्युलेटर) आणि बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या, बाकी जोडणी हीच. व्हॉल्व्हच्या रेडिओला मात्र यातलं काहीही लागू नाही. त्यातल्या कित्येकांची चेसिस थेट मेन्सला जोडलेली असते, त्यामुळे त्याची पाठ जाणकाराशिवाय उघडू नका.