वारणा श्रीखंड (वेलची): चव, आणि थोडं त्या गावाबद्दल

पहिल्यांदा चवीचं बोलतो. चक्का छान घट्ट, चमचा उभा राहतो, वेलची जिभेवर येते पण नाकात घुसत नाही, आणि गोड आहे, आमच्या कोल्हापूरकडं गोड म्हणजे गोडच लागतं त्यामुळं माझी काय तक्रार नाही. गरम पुरीबरोबर एक नंबर. आम्रखंडपण मिळतं, पोरांना तेच लागतं, मला साधंच बरं वाटतं.

आता डब्यावरच्या नावाचं. वारणानगर म्हणजे पन्हाळा तालुक्यातलं, कोडोलीला लागून. तात्यासाहेब कोरेंनी सहकारी साखर कारखाना काढला, १९५९ ला गळीत चालू झालं, त्याआधी तिथं सगळा माळ होता. बघा, कारखाना काढणारे लय झाले, पण इथं १९६४ ला कॉलेज उभं राहिलं, म्हणजे पाचच वर्षांत, आणि दूध संघ त्याच्यानंतर १९६८ ला! मला तरी हा क्रमच भारी वाटतो. दुधाचं गणित पण साधंय, उसाचं बिल वर्षातनं येणार, मधल्या काळात घर चालवायचं कशावर, तर तोडणीचं वाडं (उसाचे हिरवे शेंडे) म्हशीला घालायचं आणि दहा दिवसाला दुधाचं बिल घ्यायचं. तेच दूध आता श्रीखंड होऊन पुण्या-मुंबईत जातंय.

पुढं १९७१ ला बालवाद्यवृंद, १९८३ ला इंजिनिअरिंग कॉलेज. १९९८ ला तर आसपासच्या ७० गावांत कॉम्प्युटर जोडले, शेतकऱ्याला ऊस किती गेला, बिल किती झालं ते गावातच कळायला. नंतर मोबाईल आले तसं तेच काम काही गावांत एसएमएसवर करून बघितलं, ते स्वस्तात पडलं. म्हणजे वायर टाकायची हौस झाली आणि शेवटी साध्या फोननं काम केलं, हे पण लिहायला पाहिजे.

घेताना एक बघा, डबा चांगल्या फ्रीजवाल्या दुकानातनंच घ्या. पुण्यात एका किराणावाल्यानं (नाव नको) बाहेरच ठेवलेला डबा दिला, वर पाणी सुटलेलं, आंबट वास. त्यात डेअरीचा काय दोष? तारीख बघायची, झाकण फुगलंय का बघायचं, आणि घरी आल्याबरोबर फ्रीजमध्ये. सणाला दोन दिवस आधीच घेऊन ठेवा, दसरा-पाडव्याच्या सकाळी दुकानात फक्त आम्रखंड उरतं.