कोर्सचं टेम्प्लेट घ्यावं की कोरी शीट उघडावी?

नोकरी बदलून रिअल इस्टेट गुंतवणुकीत शिरायचं म्हणून मॉडेलिंग, म्हणजे मालमत्तेचं भाडं, खर्च आणि परतावा एक्सेलमध्ये मांडणं, शिकायला बसलं, की दोन वाटा समोर येतात. पैसे भरून तयार टेम्प्लेटचा कोर्स घ्यायचा, नाहीतर कोरी शीट उघडून आपल्या तालुक्यातल्याच एखाद्या व्यवहाराचं मॉडेल उभं करायचं. एक्सेल आणि ईएमआयचं गणित येतं, असं धरून लिहितो.

कोर्समध्ये क्रम आयता मिळतो: भाडं, रिकामे महिने, खर्च, हप्ता, विक्री, परतावा. भागीदारांत नफा टप्प्याटप्प्याने वाटायचं गणित, म्हणजे वॉटरफॉल, एकट्याने उलगडणं जड जातं. तेवढं कोर्समधूनच शिकलेलं बरं.

मला खटकते ती भाडेवाढीची चौकट. बरीच टेम्प्लेटं अमेरिकन घडणीची असतात: भाडं फुटामागे वर्षाचं आणि वाढ दरवर्षी. आपल्याकडे भाडं महिन्याचं, आणि दर तीन वर्षांनी 15 टक्के वाढ असलेले करार सर्रास दिसतात. शिकणारा 15 ला 3 ने भागून वार्षिक वाढीच्या चौकटीत 5 टाकतो आणि पुढे जातो. वणीत बसस्टँडजवळ चार गाळे धरा, प्रत्येकी 12,000, म्हणजे महिना 48,000. दरवर्षी 5 टक्के धरले तर तीन वर्षांत 18,15,840 जमा दिसतात. कराराप्रमाणे येतात 17,28,000. मधले 87,840 रुपये कोणी देणारच नाही, पण शीट कुठेही चूक दाखवत नाही. दुरुस्त करायला जावं तर सूत्र दोन-तीन शीट मागे दडलेलं, कधी कुलूपबंद.

कोऱ्या शीटवर ती ओळ तुम्हीच लिहिता. महिन्याच्या क्रमांकातून 1 वजा करा, 36 ने भागा, येणारा पूर्णांक 1.15 चा घात म्हणून वापरा आणि त्याने 48,000 ला गुणा. 37व्या महिन्यात 55,200 आणि 73व्यात 63,480 आले, की सूत्र बरोबर. गाळ्यात कृषी केंद्र असेल तर आणखी एक ओळ लागते. खरिपात त्याचा माल उधारीवर जातो, म्हणून भाडं तुंबतं आणि कापूस-सोयाबीन विकल्यावर एकदम येतं. तिथे पैसे हाती आल्याच्या खऱ्या तारखा टाकून एक्सआयआरआर काढा, म्हणजे तारखा धरून वर्षाचा परतावा देणारं एक्सेलचं सूत्र वापरा. साधा आयआरआर, म्हणजे तारखा न पाहता परतावा काढणारं सूत्र, सगळे पैसे सारख्या अंतराने आले असंच समजतो.

या वाटेने वेळ जास्त जातो, आणि चुका पकडायला कोणी नसतं. दोन चुका हमखास होतात. एनपीव्हीच्या, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत काढणाऱ्या सूत्राच्या, यादीत सुरुवातीची गुंतवणूकही घातली जाते, मग ती आजची असूनही वर्षभरानंतरची धरून कमी केली जाते. ती बाहेर ठेवून वेगळी मिळवायची. दुसरी, महिन्याचा आयआरआर 12 ने गुणणं. 0.9 टक्क्याचे वर्षाला 10.8 होत नाहीत, चक्रवाढीने 11.35 होतात.

तरी माझा कल कोऱ्या शीटकडे आहे. या क्षेत्रातल्या मुलाखतीत ठरलेल्या तासांत रिकाम्या शीटवर मॉडेल बांधायला सांगतात, तिथे टेम्प्लेट हाताशी नसतं. मोठ्या मालमत्तांचा सराव हवा असेल तर एम्बसी, माइंडस्पेस या शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचे, म्हणजे भाड्याच्या मालमत्ता बाळगणाऱ्या ट्रस्टचे, अहवाल फुकट मिळतात, त्यात भाडं महिन्याला फुटामागेच दिलेलं असतं.

कोर्सचे पैसे भरून झाले असतील तर आधी गाळ्यांचं मॉडेल पुरं करा, मग तेच आकडे टेम्प्लेटमध्ये भरा. परतावा जुळला नाही, तर शोध भाडेवाढीच्या ओळीपासून सुरू करा.