आईच्या एमआरआयची सीडी आणि मायक्रोडायकॉम

आईच्या कंबरेचा एमआरआय केला, सेंटरवाल्याने फिल्म, रिपोर्ट आणि एक सीडी पिशवीत घालून हातात दिली. आता सीडी लावायची कुठे? आमच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. शेवटी शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीवाला डीव्हीडी रायटर आणला, थोडी घासाघीस केली, ते असो.

सीडी लावली तर फोल्डरात फोल्डर आणि नुसत्या नंबरांच्या ढीगभर फायली, पुढे जेपीजी नाही पीडीएफ नाही, डबल क्लिक केलं की विंडोज विचारतंय कशात उघडू. सीडीतच एक व्ह्यूअर टाकलेला होता, तो उघडून लगेच बंद पडायचा. मग कळलं की या डायकॉम फायली, कुठल्याही कंपनीचं मशीन असो फोटो यातच सेव्ह होतात, त्यामुळे त्यांचाच व्ह्यूअर पाहिजे असं काही नाही.

मी मायक्रोडायकॉम नावाचं, डायकॉम फायली बघायचं सॉफ्टवेअर टाकलं. घरगुती वापराला फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं, मॅकवाल्यांनी होरोस किंवा विएसिस बघावं. एकेक फाईल उघडत बसू नका, सीडीत डायकॉमडिर नावाची फाईल असते ती उघडा, सगळ्या सिरीज, म्हणजे फोटोंचे संच, आपोआप लागून येतात. माऊसचं चाक फिरवलं की मणक्याचा एकेक काप पुढे सरकतो, आणि फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून आपण जे डोळे ताणतो त्यापुढे हे म्हणजे चैन आहे हो. उजेड-अंधार कमीजास्त करता येतो, झूम होतं, अंतर मोजता येतं. मला सगळ्यात कामाचं वाटलं ते जुना आणि नवा एमआरआय शेजारी शेजारी लावून बघणं.

बाकी एक गंमत, टी टू सिरीजमध्ये (एमआरआयच्या फोटोंचा एक प्रकार) मणक्याच्या मागून वरपासून खालपर्यंत पांढराशुभ्र पट्टा दिसला आणि माझी तंतरली, आईला सांगू की नको करत रात्र काढली. सकाळी डॉक्टर हसले, म्हणाले अहो ते नसांभोवतीचं पाणी आहे, टी टू मध्ये पाणी पांढरंच दिसतं, उलट दोन मणक्यांमधली काळी पडलेली गादी बघा, ती झिजलेली आहे. माझं मात्र त्या काळ्या गादीकडे लक्षच गेलं नव्हतं!

इंटरफेस जरा जुन्या वळणाचा आहे, आणि मराठी वगैरे काही नाही. जेपीजी काढून मामाला व्हॉट्सअॅपवर पाठवता आलं, पण बघून पाठवा, फोटोच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव आणि वय छापून येतं, फॅमिली ग्रुपवर ठीक, सोसायटीच्या ग्रुपवर नको. आणि सीडीवर ओरखडे पडायच्या आत अख्खी सीडी जशीच्या तशी हार्डडिस्कवर कॉपी करा, नुसत्या इमेजच्या फायली उचलल्या तर ती डायकॉमडिर मागे राहते, मी पहिल्यांदा तेच केलं होतं.

पाचपैकी चार स्टार.