जुन्याच डिस्कला भोकं पाडून ‘इंपोर्टेड’ म्हणून विकली

पावसाळ्याआधी मी गाडीच्या पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क बदलल्या. भोकं पाडलेल्या, तिरप्या खाचांच्या, काळ्या रंगाच्या. जोडीचे साडेचौदा हजार मोजले. त्या नव्या नव्हत्याच. कुणाच्या तरी गाडीच्या झिजलेल्या डिस्क लेथवर सपाट करून, ड्रिल मारून, रंगवून मला दिल्या होत्या. नाशिकमध्ये आणखी कुणाच्या गाडीला तशाच लागल्या असतील, या धास्तीने लिहितोय.

माझी मूळ तक्रार एवढीच होती की कसारा घाट उतरताना शेवटी शेवटी ब्रेकचं पेडल खोल जायचं. दुकानदार लगेच म्हणाला, “दादा, साध्या डिस्क तापतात. घाटाला भोकंवाल्याच लागतात.” खोका कुठाय विचारलं, तर म्हणे माल कंटेनरमधून सुटाच येतो. बिल मागितलं, तर जीएसटी चढेल म्हणाला. मी बिल सोडलं. तिथेच चुकलो.

चार महिन्यांनी सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं, मग चाकातून कट-कट आवाज. आई आणि मुलगी मागे बसलेल्या. पहिल्या गिअरवर, हँडब्रेक हाताशी ठेवून कसाबसा खाली आलो. मोबाइलच्या उजेडात चाकाच्या फटीतून पाहिलं, तर एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत तडा गेलेला. गाडी तिथेच ठेवली आणि एसटीने घरी आलो.

आमच्या शेजारच्या काकांची सगळी नोकरी सातपूरच्या कारखान्यात लेथवर गेली. त्यांनी डिस्क हातात घेऊन भोकाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे कंपनीचं काम नाही.” कडेला बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धार, तशीच होती. चॅम्फर, म्हणजे कड घासून तिरपी करणं, केलेलंच नव्हतं. बिडाच्या डिस्कला अशा धारदार कडेपासूनच तडा सुटतो. पुढची डिस्क आतून पोकळ असते, दोन पत्र्यांच्या मधे हवा खेळायला पडद्या असतात. चांगला बनवणारा त्या पडद्या चुकवून भोक पाडतो. इथे तीन-चार भोकं थेट पडद्यांतून आरपार गेली होती. मायक्रोमीटर लावला तर जाडी 18.7 मि.मी. माझ्या गाडीची नवी डिस्क 22 ची, आणि 20 च्या खाली वापरायचीच नाही. ही किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. माझ्या दोन्हींवर त्या जागी ग्राइंडर फिरवून वर रंग फासला होता.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दुखणं डिस्कचं नव्हतंच! ओळखीच्या मेकॅनिकने ब्रेक ऑइल काढलं, ते चहासारखं काळपट. चार वर्षं बदललं नव्हतं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ताज्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू निदान 230 अंश असतो, ओलावा धरला की तो 155 च्या आसपास येतो. घाटात ते तापून उकळलं की नळीत वाफ धरते आणि पेडल खोल जातं. त्याला डिस्कची भोकं काय करणार? उलट भोकांमुळे उष्णता पिणारं लोखंड कमीच होतं. जुन्या काळी ब्रेक पॅडमधून, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या तुकड्यांमधून, निघणारा वायू बाहेर पडावा म्हणून भोकं पाडायचे. आताच्या पॅडना रोजच्या वापरात त्याची गरज नाही.

दुकानदाराने सरळ हात वर केले, “हा माल आमचा नाहीच.” ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला. तिथे पहिला प्रश्न बिलाचा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कसुद्धा नाही, पण त्या दुकानातून घेतलं हे दाखवायला माझ्याकडे कागदाचा चिटोरा नाही. पैसे रोख दिले होते.

आता गाडीला कंपनीच्या साध्या डिस्क आहेत, पक्क्या बिलाच्या. बसवण्याआधी दुकानातच काकांनी दोन्हींची जाडी मोजली, कोरलेला आकडा वाचला. जुन्या दोन्ही डिस्क भंगारात द्यायला निघालो तेव्हा त्यांनी अडवलं. आधी घणाने फोडून तुकडे केले, मगच पोत्यात भरू दिल्या.